तेओदोरोचा तुनुपा हरवला

उयुनीच्या मिठाच्या पठारावर जीप हाकायची तर तुनुपा डोंगर नजरेत ठेवायचा आणि रस्ता शोधण्याच्या भानगडीत पडायचं नाही, हे तेओदोरोला त्याच्या उस्तादाने एकतीस वर्षांपूर्वी शिकवलं होतं. अडचण एवढीच, की वर्षभरापासून त्याला तुनुपा दिसतच नव्हता. चाकापुढचं मीठ दिसे, लांबचं सगळं दुधाळ. हे फक्त त्याच्या बायकोला, जीपमधल्या स्वयंपाकिणीला, हिलारियाला ठाऊक होतं. ती शेजारी बसून "डावीकडून फार ऊन लागतंय", "उजवीकडे सरकून बसा जरा" अशी कुरकुर करायची आणि गुणगुणत जीप हाकणारा तेओदोरो तसतसं चाक वळवायचा. प्रवाशांना वाटे, बाई फारच किरकिरी.

मुलीला, नील्दाला, मात्र संशय आला होता. "बाबा, एकदा जरी मुक्कामी अंधार पडल्यावर पोचलात, तर किल्ली माझ्याकडे," तिने बजावलं होतं. किल्ली गेली की दोघांनी दुकानात बसून मिठाच्या पुड्या बांधायच्या.

त्या सकाळी निघताना नेहमीप्रमाणे चारही चाकांवर आणि जमिनीवर दारू शिंपडून तेओदोरो पाचामामाला, म्हणजे धरतीमातेला, जुन्या माणसांची नावं सांगू लागला. ताडपत्रीच्या छपराची पहिली जीप, लाल सरोवरापर्यंत लागणारे चार दिवस, वाटेत इंजिनावर उकडलेले बटाटे, सगळं त्याने तिला ऐकवलं.

"आणि ही धार आपल्या जुन्या स्वयंपाकिणीच्या, साबिनाच्या हातच्या लामाच्या मटणाच्या सुपाला," तो म्हणाला. "ते प्यालो आणि या वाटेवरच राहिलो."

हिलारियाने डोक्यावरची हॅट घट्ट केली. "ते सूप माझं होतं. साबिनाची त्या दिवशी दाढ दुखत होती."

"अगं, साबिनाचंच. मला चांगलं आठवतं."

"आठवतं ना? मग चालवा."

आणि तिने तोंड मिटलं. मागच्या सीटवर कोचाबांबा शहरातल्या निवृत्त शिक्षिका ओर्तेन्सियाबाई दोन मैत्रिणींसह बसल्या होत्या, त्यामुळे उघड विचारायची सोय नव्हती.

"ऊन कुठून लागतंय गं?" तेओदोरोने तासाभराने विचारलं.

"सगळीकडून सारखंच."

"सरकून बसू का?"

"तुमची जीप, तुमचं बूड."

अकराला गाठायचं, मिठाच्या मधोमध असलेलं निवडुंगाचं बेट दुपारी एकलाही आलं नाही. तेओदोरोने गालात तरतरीसाठी चघळायची कोकाची पानं वाढवली, अंदाजाने एकदा डावं वळण घेतलं, मग ते चुकलं असेल म्हणून दोनदा उजवं. तीनला मागून भुकेल्या मैत्रिणींचे उसासे ऐकू येऊ लागले. शेवटी त्याने जीप थांबवली आणि हिलारियाला खाली उतरवून तो हळू आवाजात म्हणाला, "बरं, सूप तुझंच. आता डोंगर कुठाय तेवढं सांग."

हिलारियाने हॅट आणखी खाली ओढली. "मलाही दिसत नाही," ती म्हणाली. "गेल्या कार्निव्हलपासून."

"मग इतके दिवस डावं-उजवं कशावरून सांगत होतीस?"

"वाट चुकायला लागली की तुमचं गुणगुणणं थांबतं. ते थांबलं की मी काहीतरी बोलायची. तुम्ही इतक्या भरवशाने वळायचात, मला वाटायचं, बरोबरच असणार."

तेओदोरोने मनाशी हिशेब केला. वर्षभर तो तिच्या भरवशावर आणि ती त्याच्या, आणि इतक्या जणांना दोघांनी सुखरूप फिरवून आणलं होतं. त्याला घामही फुटला आणि बायकोबद्दल फार माया दाटून आली.

"माफ करा," खिडकीतून ओर्तेन्सियाबाई म्हणाल्या, "पण तो डोंगर मागे आहे. सकाळपासून."

"बाई, मग सांगितलं का नाही?"

"मला वाटलं, फोटोसाठी मुद्दाम लांबून नेताय."

बाई पुढे बसल्या, हिलारिया मागे. बाईंनी वर्गात फळ्यापुढे उभं केलेल्या पोरासारखं तेओदोरोला वळवत वळवत नेलं, आणि सूर्य वीतभर वर असतानाच मिठाच्या विटांचं मुक्कामाचं घर आलं. तिथल्या बिनतारी रेडिओवर नील्दा वाटच पाहत होती.

"वेळेत पोचलात?"

"वेळेत," तेओदोरो छाती फुगवून म्हणाला. किल्ली वाचली होती.

हिलारियाने त्याच्या हातातून रेडिओ घेतला. "पोरी, परतलो की किल्ली काढून घे. आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे दोघांचे नंबर लाव. मला तुनुपा पुन्हा बघायचाय."

तेओदोरो तिच्याकडे बघतच राहिला. "आणि डोळे बरे झाल्यावर किल्ली परत ना?"

"परत," हिलारिया म्हणाली. "पण माझ्याकडे. वर्षभर मला काही दिसत नसताना जीप मुक्कामी पोचलीच ना? आता दिसायला लागल्यावर चाकही मीच धरीन. तुम्ही शेजारी बसून गुणगुणा."

"आणि स्वयंपाक?"

"तोही शिकाल," ती म्हणाली आणि बटाटे त्याच्यापुढे सरकवले.