बाई, कोणत्या भाषेतली?

आमच्या अनसिंगात तोंड सोडणाऱ्यांचा तुटवडा कधीच नव्हता. पण समोरच्यानं तोंड सोडलं की पिशवीतून वही काढून पेन्सिलीचं टोक जिभेला लावणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. ती मुलींच्या शाळेची बाई.

दुसरी लढाई अजून लागायची होती तेव्हाची गोष्ट. बाजाराचा दिवस. पाटलाचा धाकटा भाऊ रंगराव पानाच्या दुकानापुढं उभा. समोरून बाई आली. केस राखलेली विधवा, पायात चपला, डोक्यावर छत्री. एका बाईमाणसात गावाला एकदम तीन गुन्हे दिसले. रंगरावानं पिंक टाकली आणि ओरडला, "काय बाईजी, आज कुठं मैफल?"

सगळे खिदळले. मी तिथंच होतो. खिदळलो नाही, पण सुपारी कातरत राहिलो. आता काय समजायचं ते समजा.

बाई थांबली. छत्री मिटली, वही उघडली. "रंगराव, ही कोणत्या भाषेतली बाई?"

"आँ?"

"मराठीतली असेल तर मान दिलात. मारवाडीतली असेल तर मी तुमची बहीण. हिंदुस्थानीतली असेल तर नाचणारी. कोणती लिहू?"

रंगरावाचा विडा गालातच राहिला. मागून कोणी तरी म्हणालं, "अबे, बहीन सांग, बहीन! नायी तं वयनीच्या कानावर जाईन."

"बहीन," रंगराव पुटपुटला.

"नोंद झाली," असं म्हणून बाईनं छत्री उघडली आणि चालू लागली. त्यानंतर ती दिसली की रंगराव गल्ली बदलायचा.

मी मुलांच्या शाळेत मास्तर. तिची शाळा आणि माझं घर यांच्यामध्ये एकच भिंत होती. बाईला नाव होतं, शाळाखात्याच्या कागदात असेलच. गावात ते कोणी विचारलं नाही. मीही नाही, आणि मी तर तिच्याशी रोज बोलत असे. अमरावतीला ट्रेनिंग झालेली, त्यामुळे बोलायची पुस्तकी. पोरी तिच्या पाठीमागं तिची नक्कल करत आणि तिच्यापुढं गाईसारख्या गप्प बसत.

त्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात एकच शब्द होता: बाई. पुढची सगळी पानं त्याचीच. दर रविवारी ही तालुक्याच्या स्टेशनवर जाऊन बसायची आणि गाडीतून उतरणाऱ्या परमुलखातल्या माणसाला पकडायची. "तुमच्याकडे बाई म्हणजे काय हो?" भला माणूस आधी दचकायचा, मग इकडंतिकडं पाहायचा, आणि आपल्याला फसवत नाहीत ना याची खात्री करून उत्तर द्यायचा.

विहिरी खोदायला तेलंगणातून वडार आले होते. त्यांच्यातली म्हातारी म्हणाली, आम्ही खोदतो तीच बाई. म्हणजे विहीर. कानडी कासारानं स्वतःच्या तोंडाकडं बोट दाखवलं. म्हणजे तोंड. तारबाबू बंगाली होता. तो म्हणाला, आमच्यात बाई म्हणजे वात, डोक्यात शिरलेलं खूळ. सांगताना तिच्या वहीकडं बघून हसला. तिनं तेही लिहून घेतलं. पाठीवर रेशमाचं गाठोडं घेऊन एक चिनी फेरीवाला यायचा. त्यानं 'बाई' चार वेळा म्हटलं, दर वेळी निराळ्या सुरात, आणि चारही वेळा अर्थ निराळा: पांढरं, शंभर, हार, आणि हातानं मोडणं. तो दिवस बाईला दिवाळीसारखा गेला. उन्हात तापलेल्या रस्त्यानं तशीच माझ्या ओसरीवर येऊन सांगू लागली, पाणी प्यायचंही भान नव्हतं तिला.

शाळा तपासायला आलेल्या गोऱ्या साहेबालाही तिनं सोडलं नाही. साहेब म्हणाला, आमच्यात निरोप घेताना तसं काहीसं म्हणतात. बाईनं लिहिलं, 'इंग्रजी: निघून जा.' मी म्हटलं, "अहो, एवढं कडू काहून लिहिता?" ती म्हणाली, "त्यानं शाळेचं छप्पर मंजूर केलं नाही."

शब्दाचं मूळ शोधायचाही तिला नाद. शास्त्रीबुवांना गाठलं तर ते सगळं संस्कृतातून काढून दाखवत. वडारांची विहीर म्हणजे आपली वापी, बंगाल्याचं खूळ म्हणजे वायू. कानड्याचं तोंड मात्र त्यांना दाद देईना. ते दक्षिणेतलंच. उर्दू शाळेच्या मौलवीसाहेबांना विचारलं तर ते दाढी कुरवाळत म्हणाले, "बाई, लफ्ज का क्या है, जिसके मुँ में गया उसका हो गया." हे तिला फार आवडलं. आठवडाभर ती हेच घोकत होती.

एकदा मला म्हणाली, "मास्तर, सगळ्या बायांचं माहेर सापडलं. विहिरीचं सापडलं, खुळाचं सापडलं. आपल्या मराठी बाईचं माहेर मात्र कोणालाच खात्रीनं सांगता येत नाही."

"आईपासून आली असेल," मी ठोकून दिलं.

"मलाही तसंच वाटतं. पण पुरावा नाही."

मी हसलो. तिच्या पाठीमागं सारा गाव हसायचा, मी तोंडावर हसलो इतकाच फरक. वर मी सुधारक. शारदोत्सवात स्त्रीशिक्षणावर तासभर भाषण ठोकणारा. टाळ्या पडायच्या. भाषण फुकट असतं हो, त्याला कोणी उंबरठा ओलांडायला सांगत नाही.

आता ते सांगतो, जे सांगायला नको वाटतं.

त्या वर्षी संक्रांतीआधी बाईनं पोरींना पत्र लिहायला शिकवलं. विषय, हळदीकुंकवाचं बोलावणं. मायना कसा, नावाआधी 'सौ.' कसं लावायचं, शेवटी 'अवश्य येणे' कसं लिहायचं, सगळं घोटून घेतलं. मग म्हणाली, आता खरोखरीच्या चिठ्ठ्या लिहा, आपापल्या घरच्या. गावात त्या साली मोठी गंमत झाली. चिठ्ठी घेऊन पोर दारात जायची, बाया म्हणायच्या, "मले कुठं वाचता येते वं?" मग पोरच चिठ्ठी उघडून खड्या आवाजात वाचायची आणि पुन्हा त्यांच्याच हातात द्यायची. अनेक जणींनी ते कागद देव्हाऱ्यात ठेवले.

माझी यमू आठ वर्षांची. तिनं बावीस चिठ्ठ्या लिहिल्या. माझ्या मायनं बोटावर मोजून एकवीस घरं सांगितली होती. बाविसावी यमूनं आपल्या मनानं लिहिली आणि शाळेत टेबलावर ठेवून आली. 'सौ. बाई यांस. आमचे घरी हळदीकुंकू आहे. अवश्य येणे.' नाव तिलाही ठाऊक नव्हतं. आणि विधवेला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. घरात आम्ही असलं शिकवत नाही, पोरी आपोआप शिकतात, थोडा मार खाऊन.

हळदीकुंकवाच्या संध्याकाळी घर बायांनी भरलं होतं. मी ओसरीवर. बाई आली. बारीक काठाचं पांढरं धुवट लुगडं, हातात कागदाची पुडी. माझी बायको करंडा घेऊन दारात आली आणि 'या' म्हणता म्हणता थांबली.

"कोन हाये वं?" आतून माय आली. बाईला पाहून तिचं तोंडच उतरलं. "बाई, आत सवाशिनी बसल्या हायेत. तुमाले कोनं बोलावलं?"

दाराआड यमू उभी होती. बाईनं तिच्याकडं एकदाच पाहिलं. मग म्हणाली, "कोणी नाही. मास्तरांना तिळगूळ द्यायला आले होते." पुडी माझ्या हातात ठेवली. "तिळगूळ घ्या, गोड बोला."

मी काय बोललो? काही नाही. गोडही नाही, कडूही नाही. ती अंगणात उतरली.

आणि यमू ओरडली, "आजी, म्या बोलावलं! म्या चिठ्ठी लिवली बाईले, सौ. लावून!"

मायनं तिला अशी थोबाडीत मारली की आवाज अंगणापर्यंत गेला. बाई फाटकापाशी थांबली. वळली नाही. मग गेली.

सकाळी माय माझ्यापुढं येऊन बसली. "ते चिठ्ठी घेऊन ये. रांडमुंड बाईले सौ. लावलं आपल्या घरातून. माह्या सुनेच्या कुंकवावर येईन ते." बायको चुलीपाशी होती. माझ्याकडं न पाहताच तीही म्हणाली, "आना हो घेऊन. मले भेव वाटते." म्हणजे जीव माझाच धोक्यात होता म्हणायचा. मी हसायला हवं होतं. मी चपला घातल्या.

शाळा भरायची होती. बाई एकटीच फळा पुसत होती. मला पाहून म्हणाली, "यमूला मारू नका. पत्रात एक चूक नाही."

"एक आहे," मी म्हटलं.

"कोणती?"

माझी नजर तिच्या कोऱ्या कपाळावर गेली. तिनं फडकं खाली ठेवलं. मग ती जे बोलली ते पुस्तकी नव्हतं. पहिल्यांदाच.

"मास्तर, मले कळत नव्हतं का, आत घेनार नायीत म्हनून? मी का लहान हावो? सात वर्सं झाली या गावात. कोनाची पोरगी नापास झाली का मले बोलावते, सरकारी कागद वाचाचा असला का बोलावते. नुसतं 'या' म्हनून कोनी बोलावलं नायी. बोलावनं आलं, मंग जाऊ नोको का मी?"

ती कोपऱ्यातल्या पेटीकडं वळली.

"मायनं चिठ्ठी मागितली ना?"

"हो."

तिनं लाकडी पेटी उघडली. चिठ्ठी चार घड्या करून ठेवली होती. हातात घेतली, पण पुढं केली नाही.

"मागाल तं देईन, मास्तर. पन मागू नोका."

मायचं काय, घरी जाऊन तिला 'फाडली' म्हणून सांगितलं असतं. कोण बघायला येणार होतं? एवढं एक खोटं बोलायला किती अक्कल लागते? हे सगळं मला तिथंच, त्याच घटकेला सुचलं होतं. पुढं कधी तरी सुचलं असं नव्हे.

मी हात पुढं केला.