कुंदाताई आणि धाकटं घर

कुंदाताई पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा त्यांनी चहा घ्यायच्या आधी आमचा सोफा मोजला. पर्समधून शिवणकामाची टेप काढली, सोफ्याच्या पाठीपासून टीपॉयपर्यंत धरली आणि म्हणाल्या, "चौतीस इंच. ऐसपैस आहे हो! तुम्ही थोरल्या घरचे."

आईला वाटलं, बाई माझ्यासाठी स्थळ घेऊन आली आहे. तिने लगेच पोह्यांवर खोबरं वाढवलं.

खुलासा दुसऱ्या कपाला झाला. नौपाड्यात आमच्याच बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या कुंदाताई एका विमान कंपनीच्या वर्कशॉपमध्ये होत्या. विमानातल्या खुर्च्या बसवणं, काढणं, त्यांची कव्हरं शिवणं हे त्यांचं काम. कंपनी एकच, पण विमानं दोन नावांनी उडायची. एक महागड्या तिकिटांची, एक स्वस्तातली. कुंदाताईंच्या भाषेत थोरलं घर आणि धाकटं घर. कोरं विमान आलं की ते थोरल्या घरी. तिथे काही वर्षं राबलं की धाकट्या घरी. जाताना त्याच्या पुढच्या रुंद खुर्च्या निघत, मधला पडदा निघे, आणि उरलेल्या खुर्च्या पुढे सरकवून दोन-तीन रांगा जास्तीच्या कोंबल्या जात. दोन रांगांमधल्या अंतराला ते लोक 'पिच' म्हणतात. माणसाच्या बहुतेक दुःखांचं मूळ अपुऱ्या पिचमध्ये असतं, असं कुंदाताईंचं ठाम मत होतं.

"एकतीस असलं तर माणूस माणसात राहतो," त्या म्हणायच्या. "अठ्ठावीसला आणलंत की शेजाऱ्याच्या कोपराचा राग येतो."

आमच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरांकडे त्यांनी बाकं स्वतः ओढून मागे घेतली होती. "डॉक्टर, इथे दाढ बरी होईल, पण गुडघा जाईल!" माझ्या लग्नात तर मुहूर्ताला दहा मिनिटं असताना त्या कार्यालयात खुर्च्या मोकळ्या करत फिरत होत्या. शेवटच्या दोन रांगा दाराबाहेर गेल्या. टिटवाळ्याच्या काकांनी मंगलाष्टकं चपलांच्या ढिगाशेजारी बसून ऐकली. त्यांच्या अक्षता आमच्यापर्यंत पोचल्याच नाहीत. कुंदाताईंनी त्यांची समजूत काढली, "एवढं काय काका, धाकट्या घरी असं चालतंच."

जुनी साडी पायपुसणं झाली की ती धाकट्या घरी गेली. सोसायटीच्या सेक्रेटरींच्या जावयाची बदली आडगावी झाली, तोही धाकट्या घरी गेला. हे सांगताना त्यांचा चेहरा इतका पडायचा, की जावयापेक्षा त्यांचंच सांत्वन करावंसं वाटायचं.

पण त्यांचं खरं वेड वेगळंच होतं. दुपारी डबा खायला त्या कँटीनमध्ये जायच्याच नाहीत. हँगरमध्ये दुरुस्तीला उभ्या असलेल्या विमानात, खिडकीची जागा धरून, एकट्या बसायच्या. मग संध्याकाळी जिन्यात भेटल्या की मी विचारायचो, "आज डबा कुठे?"

"नैरोबीवरून जाताना," त्या अगदी सहज सांगायच्या. "खाली सगळं पिवळं गवत. भेंडीची भाजी होती, पण वर चव वेगळीच लागते रे."

आणि गंमत म्हणजे ऐकताना मलाही ते गवत दिसायचं. जिन्यात उभ्या उभ्या दोन-तीन मिनिटं मी कुठेतरी उंचावर असायचो. मग कुणीतरी वरून ओरडायचं, पाणी गेलंय, आणि आम्ही दोघं खाली उतरायचो.

स्वतः त्या कधी उडालेल्या नव्हत्या. तिकीट सवलतीत मिळत असूनही. विचारलं की म्हणायच्या, "वेळ कुठाय?" घरी एक भाऊ आहे, जरा आजारी असतो, एवढंच आम्हाला माहीत होतं. दिवसा त्याच्याजवळ एक बाई थांबायच्या. त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं.

गेल्या वर्षी कंपनीने नव्या विमानांची मोठी ऑर्डर दिली आणि सगळ्या ताफ्याची नव्याने वाटणी निघाली. विमानांबरोबर माणसांचीही. धाकट्या घराचं वर्कशॉप इथेच राहणार होतं, थोरल्याचं नवं दिल्लीला होणार होतं आणि कुंदाताईंना तिथे प्रमुख म्हणून बोलावणं आलं. कोऱ्या विमानांच्या कोऱ्या खुर्च्या त्यांच्या हाताखाली लागणार होत्या. सोसायटीने निरोप समारंभ ठरवला. आईने मेथीचे लाडू वळले. सेक्रेटरींनी भाषण लिहून काढलं, त्यात 'गगनभरारी' हा शब्द तीनदा होता.

समारंभाच्या दिवशी भाषण सुरू व्हायच्या आधीच कुंदाताई उभ्या राहिल्या. "मी जात नाहीये. मी धाकटं घर मागून घेतलं."

सेक्रेटरींच्या हातातला कागद खाली आला.

"अहो, पण तिथे पिच अठ्ठावीस!" ते कळवळून म्हणाले.

"माझी उंची ती केवढी," कुंदाताई म्हणाल्या. "मला पुरतं."

लाडू तसेच राहिले होते. रविवारी दुपारी आईने मला डबा देऊन पाठवलं. दार लोटलेलं होतं. आतून कुंदाताईंचा आवाज येत होता, जिन्यातल्यापेक्षा कितीतरी हळू.

"आता पंख कलतोय. भीती नाही वाटत ना?"

मी दार ढकललं. खिडकीला लागून विमानाच्या तीन खुर्च्यांची एक रांग जमिनीत बोल्टने घट्ट बसवलेली होती. एक म्हातारं विमान कायमचं मोडीत निघालं तेव्हा त्यांनी ती कंपनीकडून मागून आणली होती. खिडकीशी पन्नाशीचा एक गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, नीट पाडलेला भांग, पोटावर पट्टा बांधलेला. शेजारी कुंदाताई.

"हा नंदू," त्या म्हणाल्या. अजिबात दचकल्या नाहीत. "याला गर्दी सोसत नाही. आवाज झाला की घाबरतो. लहानपणापासून विमानाचं वेड, पण खऱ्यात नेता येत नाही. मग मी दुपारी बघून ठेवते आणि संध्याकाळी याला नेते. रविवारी जरा लांबचा प्रवास."

"म्हणून दिल्ली नको म्हणालात?"

"अरे, नवी जागा, नवे आवाज. तिथे हा एक दिवस राहणार नाही." त्यांनी नंदूची कॉलर सरळ केली. "आमचं विमान नौपाड्यातूनच सुटतं."

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बस ना. कडेची रिकामीच असते."

मी बसलो. पट्टा बांधला. खिडकीबाहेर समोरच्या गच्चीवर पांढऱ्या चादरी वाळत होत्या. वारा आला, त्या फुगल्या, आणि कुंदाताई हलकेच म्हणाल्या, "ढग लागले." खरंच लागले. नकळत मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

नंदू वाकला. ताईच्या पुढून हात लांब करून त्याने माझ्या मुठीवर ठेवला.

"पहिल्यांदा होतं असं," तो म्हणाला. "ताई आहे ना."