सागवानी नंबरप्लेट

"अहो, माझा चष्मा! टेबलावर राहिलाय! आत्ताच्या आत्ता घेऊन या!"

फोनवर इन्स्पेक्टरबाईंचा आवाज असा काही चढला होता, की त्यांच्या यजमानांनी हातातली काच आधी खाली ठेवली आणि मग "हो" म्हटलं. यजमानांचं फोटो फ्रेम करून देण्याचं दुकान होतं. चौकात सगळे त्यांना फ्रेमवाले म्हणत. बाई वाहतूक खात्यात होत्या आणि वाहतुकीच्या इन्स्पेक्टर म्हणून त्यांची आज पहिली मोहीम होती.

"कुठे येऊ?"

"पुलाच्या तोंडाशी. गाडी घेऊन या, रिक्षाची वाट बघत बसू नका. मोठे साहेब एवढ्यात येतील आणि मला समोरून येणारा ट्रकसुद्धा धुरकट दिसतोय!"

प्रकरण गंभीर होतं. बढती मिळाली असली, तरी ती तात्पुरती होती. मोठ्या साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं, "बाई, तुम्ही कामाला चोख आहात, पण ओळखीचा माणूस दिसला की तुमचा हात अडखळतो. मोहीम नीट झाली तर पद कायम करू. नाही तर तुमची जुन्या फायलींची खोली आहेच." त्या खोलीत बाईंनी इतकी वर्षं शिंकत काढली होती, की तिचं नुसतं नाव निघालं तरी त्यांचं नाक हुळहुळायचं.

मोहीम कसली आहे हे मात्र बाईंनी घरात कुणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्याला सांगितलं असतं तर सासूबाईंना कळलं असतं आणि सासूबाईंना कळलं म्हणजे अख्ख्या इमारतीला.

फ्रेमवाल्यांना तर उलट आनंदच झाला. कालच त्यांनी बायकोच्या बढतीनिमित्त एक गुपचूप बेत तडीस नेला होता. फुलं, साड्या हे सगळेच देतात. आपल्याला जे येतं तेच द्यावं, असा विचार करून त्यांनी गाडीची मागची नंबरप्लेट फ्रेम केली होती! खरी सागवानी पट्टी, आतून सोनेरी कड, कडेनं दुधी रंगाच्या पुठ्ठ्याचं माउंट आणि वर उजेड परतवणार नाही अशी खास काच. पुढचीही करायची होती, पण पट्टी कमी पडली. बाई पहाटेच ऑफिसच्या जीपमधून गेल्या, त्यामुळे त्यांनी ती पाहिलीच नव्हती. आता चारचौघांत, साहेबांसमोर दाखवता येणार होती!

"मी पण येणार," फ्रेमवाल्यांच्या आई पायात चपला सरकवत म्हणाल्या. त्यांनी चष्म्याची डबी उचलून पर्समध्ये टाकली आणि पर्स काखेत घट्ट दाबली. "सूनबाईचा चष्मा मी माझ्या हातानं देणार. साहेबांना पण कळू दे, घरचा पाठिंबा आहे."

गाडी निघाली. मागून येणारे लोक हॉर्न वाजवत होते, बोटं दाखवत होते, एकानं तर मोबाइल काढून फोटोच घेतला.

"बघ, बघ, किती कौतुक चाललंय!" आई मागच्या काचेतून हात हलवत म्हणाल्या.

पुलाच्या अलीकडे गाड्यांची ही भली मोठी रांग लागली होती. गंमत म्हणजे निम्मे ड्रायव्हर गाडीत नव्हतेच. कुणी गाडीमागे उकिडवा बसला होता, कुणी चमच्यानं काहीतरी उचकटत होता, एक बाई केसातल्या पिनेनं स्क्रू फिरवत होत्या. मागच्या टॅक्सीचा ड्रायव्हर उतरला, त्यानं फ्रेमवाल्यांच्या गाडीची मागची बाजू पाहिली आणि तो कमरेवर हात ठेवून उभाच राहिला.

"काय झालं हो?" फ्रेमवाल्यांनी डोकं बाहेर काढून विचारलं.

"पुढे नवीन मॅडम उभ्या आहेत. नंबरप्लेटला फ्रेम नको, वर काच नको, कव्हर नको, एक आकडा झाकलेला चालत नाही. दिसली फ्रेम की फाडली पावती! मी माझं प्लास्टिकचं काढतोय. पण दादा, तुम्ही तर हॉलच्या भिंतीवरनं उतरवून आणल्यासारखी लावलीय!"

फ्रेमवाल्यांच्या डोळ्यांपुढे जुन्या फायलींची खोली उभी राहिली, आणि दारात शिंकणारी बायको.

"त्याचं नको ऐकूस," आई म्हणाल्या. "कायदा त्या फालतू प्लास्टिकच्या फ्रेमांना असेल. आपली सागवानी आहे."

फ्रेमवाले धावत मागे गेले. फ्रेमला हात घातला. हलेना! हलणार कशी? 'एकदा लावली की भिंत पडेल, फ्रेम पडणार नाही', असं ते गिऱ्हाइकांना छाती ठोकून सांगत. त्यांनी खास गोंद वापरला होता, वर बोल्टही मारले होते. टॅक्सीवाल्यानं आपला चमचा पुढे केला. चमचा वाकला. आईंनी अंगावरची शाल काढून प्लेटवर टाकली.

"ओ आजी, झाकलेली प्लेट म्हणजे तर आणखी मोठा गुन्हा!" टॅक्सीवाला ओरडला.

तेवढ्यात फोन वाजला. "अहो, आहात कुठे? साहेब आले! मी आत्ता एका माणसाला थांबवून त्याच्या प्लेटवर काच आहे म्हणून सांगितलं. ती काच नव्हती हो, नुकतीच धुतलेली ओली प्लेट होती!"

गाडी परत फिरवावी तर चष्मा पोचत नाही, पुढे न्यावी तर बायको तोंडघशी पडते. फ्रेमवाल्यांना एकदम सुचलं. गाडी कडेला लावायची आणि चष्मा घेऊन पळत सुटायचं! "आई, डबी दे!"

"अजिबात नाही. मी देणार म्हटलं ना!"

"आई, पाया पडतो तुझ्या!"

"पड. पण डबी मीच देणार."

ही ओढाताण चालू असतानाच शिट्टी वाजवत एक शिपाई मोटरसायकलवरून समोरून आला. "मॅडमचे मिस्टर ना? चला, चला, साहेबांनीच सांगितलंय, वाट मोकळी करून घेऊन या."

"नको, नको! आम्ही इथंच ठीक आहोत. आम्ही चालत येतो!"

"काय साहेब, इतका साधेपणा!" शिपाई भारावून म्हणाला आणि त्यानं अशी काही शिट्टी फुंकली, की दोन्हीकडच्या गाड्या कडेला सरकल्या. मधोमध मोकळा रस्ता. आई पुन्हा हात हलवू लागल्या. फ्रेमवाल्यांनी मात्र गाडी बैलगाडीच्या चालीनं पुढे काढली.

पुलाच्या तोंडाशी बाई उभ्या होत्या, कडक गणवेशात, डोळे बारीक करून. शेजारी मोठे साहेब, हात मागे बांधून. गाडी समोरून आली, आणि समोरची प्लेट होती अगदी लख्ख, उघडी, नियमातली!

"ही आमची स्वतःची गाडी, सर," बाई म्हणाल्या. दिसत त्यांना काहीच नव्हतं, पण विश्वास दांडगा होता. "नियम आधी स्वतःच्या घरात पाळावा, असं माझं मत आहे."

"छान!" साहेब वाकून बघत म्हणाले. "उत्तम! हे मला आवडलं, बाई. जाऊ द्या यांना."

सुटलो! फ्रेमवाल्यांनी पहिला गिअर टाकला. पाच-पंचवीस फुटांवर गाडी आड लावून चष्मा पळत आणून दिला, की सगळं निभावलं असतं. पण आईंनी दार उघडलंच.

"अहो साहेब, पुढचं काय बघताय? खरी गंमत मागे आहे! माझ्या मुलानं स्वतःच्या हातानं केलीय!"

साहेब मागे गेले. त्यांनी पट्टीवरून बोट फिरवलं. "बाई, याला पॉलिशसुद्धा आहे."

आईंनी सुनेच्या हातात डबी ठेवली. बाईंनी चष्मा लावला. त्यांनी आधी प्लेटकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"अगं, तुझी बढती झाली ना, म्हणून..." फ्रेमवाले अडखळत म्हणाले. "काच चांगल्यातली आहे. उजेड परतवत नाही."

"शेवटचा आकडा कुठे गेला?" साहेबांनी विचारलं.

"तो माउंटखाली आहे, साहेब. चारी बाजूंना सारखी कड ठेवायची म्हणजे थोडं आत घ्यावं लागतं. नाही तर फ्रेम वाकडी दिसते हो!"

एव्हाना दंड झालेले सगळे गोळा झाले होते. वाकडा चमचा घेऊन टॅक्सीवालाही आला. "आता बघू या मॅडम काय करतात!" तो मोठ्यांदा म्हणाला. साहेब फक्त बाईंच्या हाताकडे बघत होते.

बाईंनी दंडाचं मशीन पुढे घेतलं. हात अजिबात अडखळला नाही. "गाडीच्या मालकाचं नाव?"

"अगं, पण..."

"अगं नाही. मॅडम."

"मॅडम," फ्रेमवाले घाम पुसत म्हणाले, "गाडी तुमच्या नावावर आहे."

हशा पिकला. साहेबांनीसुद्धा तोंड फिरवून रुमाल ओठांवर धरला. बाईंनी ओठ घट्ट मिटले, मशीनवर स्वतःचं नाव टाकलं आणि बटण दाबलं. लगेच त्यांच्याच खिशात त्यांचा फोन वाजला. दंडाचा मेसेज! बाईंनी तो वाचला आणि फोन परत खिशात ठेवला.

मग जे झालं ते कुणालाच अपेक्षित नव्हतं. टॅक्सीवाल्यानं टाळी वाजवली. मागच्यानं वाजवली. रांगेतले लोक आपणहून आपापल्या फ्रेमा काढायला लागले. "मॅडमनी स्वतःला सोडलं नाही, आपण कोण!" असं एकजण दुसऱ्याला सांगत होता. साहेब खूश होऊन म्हणाले, "बाई, उद्या ऑर्डर काढतो. सही तेवढी राहिलीय." आणि आपल्या गाडीत बसून निघून गेले.

राहता राहिली सागवानी फ्रेम. ती जागेवरच काढणं भाग होतं. फ्रेमवाल्यांनी ओढली, शिपायानं ओढली, टॅक्सीवाला मदतीला धावला. तिघांनी मिळून "एक, दोन, तीन!" म्हणत हिसका दिला आणि धाडकन आवाज झाला. फ्रेम निघाली नाही. प्लेटसकट अख्खा बंपर निघाला!

"बघितलंत ना गोंद?" फ्रेमवाल्यांच्या तोंडून निघून गेलं. बाईंनी नुसतं पाहिलं आणि ते निमूट बंपर उचलायला लागले.

बिनप्लेटची गाडी रस्त्यावर चालवणं हा आणखी वेगळा गुन्हा. गाडी कडेला लावली. बाईंची ड्यूटी संपताच बंपर त्यांच्या ऑफिसच्या जीपमध्ये मागून आडवातिडवा कोंबला. तो मावेना, म्हणून मागचं दार उघडं ठेवून दोरीनं बांधला. आई पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या, बाई मधल्या सीटवर आणि फ्रेमवाले मागे बंपर धरून.

"रागावलीस?" फ्रेमवाल्यांनी मागून विचारलं.

बाई समोरच्या रस्त्याकडे बघत राहिल्या.

"मला कळायला हवं होतं. पण तू इतकी पुढे गेलीस ना, मला असा आनंद झाला की काय करू नि काय नको. आणि मला दुसरं येतंय काय? जे जपून ठेवावंसं वाटतं ते मी फ्रेम करतो, झालं."

बाईंनी मान वळवली नाही, पण हात मागे केला आणि नवऱ्याचा हात एकदा दाबला. "काल दाखवली असतीत तर वाचलो असतो," त्या म्हणाल्या, आणि त्यांना हसू फुटलं. मग आईही हसल्या, ड्रायव्हरही हसला.

एवढ्यात पुढच्या चौकात शिट्टी वाजली. मोहिमेची दुसरी तुकडी तिथं उभी होती. एक कोवळा, नवाच भरती झालेला शिपाई जीपला वळसा घालून मागे गेला आणि पांढराफटक चेहरा करून खिडकीशी आला.

"मॅडम, माफ करा, पण... जीपची नंबरप्लेट पूर्ण झाकली गेलीय. वरून बंपर लोंबतोय. आणि त्यावर भलत्याच गाडीचा नंबर आहे, तोही फ्रेममध्ये! मी काही पाहिलंच नाही, मॅडम. जा तुम्ही."

"का जा? नियम काय सांगतो?"

"पण जीप ऑफिसची आहे, मॅडम. दंडाचा मेसेज थेट मोठ्या साहेबांच्या फोनवर जातो!"

"अगं," फ्रेमवाले मागून हळूच म्हणाले, "ऑर्डरवर सही उद्या व्हायचीय ना?"

"हो," बाई म्हणाल्या. त्यांनी एक खोल श्वास घेतला. "फाड पावती."

शिपायानं डोळे मिटून बटण दाबलं. मिनिटाभरात बाईंचा फोन वाजला. स्क्रीनवर मोठ्या साहेबांचं नाव. बाईंनी फोन कानाला लावला, फ्रेमवाल्यांनी बंपर छातीशी धरला, आईंनी देवाचं नाव घेतलं.

"बाई," पलीकडून साहेब म्हणाले, "ऑर्डरवर मी आत्ताच सही केली. तुम्हाला फायलींच्या खोलीत पाठवायची आता माझीच छाती नाही."