विमल पोंक्षेचं बारसं

घैसासांनी जिवापाड लपवलेलं गाणं मी एका चोराच्या हातात दिलं, कॅसेटच्या डबीसकट. माणूस फार गोड होता. माझं इंग्रजी छान आहे म्हणाला. अमेरिकेत आल्यापासून असं म्हणणारा तो पहिलाच.

घैसास पार्सिपनीत आमच्याच रस्त्यावर राहत. सोमवार ते शुक्रवार रंगांच्या कंपनीत केमिकल इंजिनिअर, गळ्यात टाय, डब्यात पोळीभाजी. शनिवारी टोपी भुवयांपर्यंत ओढून, स्टेशन वॅगनमध्ये रिकामे खोके भरून निघायचे ते जुन्या रेकॉर्डींच्या शोधात. त्यातही फक्त सोल. म्हणजे साठीच्या दशकातली काळ्या गायकांची गाणी, आणि तीही त्या वेळी कोणी न विचारलेली. "चाललेलं गाणं मला नको," ते म्हणत. "पडलेलं असेल तर सांग." इंग्लंडच्या उत्तरेकडे, गिरण्यांच्या गावांतली पोरं या पडलेल्या गाण्यांवर पहाटेपर्यंत नाचतात आणि एकेका रेकॉर्डीपायी पगार उधळतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

धंदा सगळा लबाडांचा. कोणी कोऱ्या रेकॉर्डीचं लेबल चहात बुडवून तिला म्हातारी करी, कोणी फिलाडेल्फियाला सापडलेला माल डेट्रॉइटचा म्हणून सांगे. "हे सभ्य माणसाचं काम नव्हे," घैसास अभिमानानं सांगत आणि स्वतःही दोन थापा मारून घेत. तिटकारा एकाच गोष्टीचा, नकली छापाचा. बाजारात रेकॉर्ड उचलायची, दिव्याखाली तिरकी धरायची, लेबलालगतच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला नंबर बघायचा, आणि नकली निघाली की सगळ्यांदेखत गुडघ्यावर कडकन मोडायची. मग खिशातून पाकीट काढून तिची किंमत द्यायची. सभ्यपणा तेवढा सुटत नव्हता.

एखादं गाणं एकट्याच्याच हाती लागलं, तर त्याचं खरं नाव कोणाला कळू द्यायचं नाही, असा त्या धंद्यातला रिवाज. नाहीतर बाकीचे तेच शोधत सुटतात. म्हणून लेबलावर पांढरा कागद चिकटवायचा आणि त्यावर गायकाचं भलतंच नाव लिहायचं. घैसास याला बारसं म्हणत. फोन यायचा, "संध्याकाळी बारसं आहे. तू आत्या."

मी जायचो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मऊ टॉवेल, त्यावर उत्सवमूर्ती. मी तिच्या मधल्या भोकाशी तोंड नेऊन नाव सांगायचं, 'कुर्रर्र' म्हणायचं, घैसासांनी माझ्या पाठीत बुक्के घालायचे. मग पेढा. नावं महाराष्ट्र मंडळाच्या डिरेक्टरीतून घेतलेली. 'अण्णा लेले अँड द कमिटी' हे त्यांतलं एक. खजिनदार लेल्यांनी गणपतीत त्यांना सोल वाजवू दिलं नव्हतं, त्याचा हा सूड.

घरात ते एकटेच. मीनाक्षीवहिनी तिसऱ्या हिवाळ्यात माहेरी गेल्या त्या परतल्याच नाहीत. "थंडी सोसत नाही तिला," एवढंच ते सांगत. वहिनींचे बर्फातले बूट दाराशी तसेच होते, पुसलेले. दारापासून रस्त्यापर्यंतचा बर्फ ते दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढा रुंद काढत. मला वाटे, व्यायाम म्हणून.

मग एका बंद पडलेल्या दुकानाच्या तळघरात त्यांना ती रेकॉर्ड मिळाली. कोणा बाईचा आवाज. पहिल्या कडव्यात दबकत गाते, आणि मग एकदम दार उघडून अंगणात आल्यासारखी. या बारशाला डिरेक्टरी टेबलावर नव्हती.

"विमल पोंक्षे," घैसास म्हणाले.

"ही कोण? मंडळातली?"

"तू कुर्रर्र कर."

त्या दिवशी बुक्के जरा हलके पडले.

घैसासांनी एकच प्रत काढून इंग्लंडमधल्या एका विश्वासू डीजेला दिली. अट एकच, नाव स्पष्ट घ्यायचं. तिथली पोरं 'पोंक्शी, पोंक्शी' असं ओरडून गाणं पुन्हा मागतात म्हणे. व्यापारी कोऱ्या गाडीची किंमत देऊ लागले. अण्णा लेलेंना हसत हसत विकणारा हा माणूस मान हलवी. "विमल विकायची नाही."

गाडीत ऐकायला म्हणून मला त्यांनी एक कॅसेट भरून दिली होती. तीच मी बाजारात, ते कॉफी आणायला गेले असताना, माझ्या इंग्रजीच्या चाहत्याला दिली.

उन्हाळ्यात त्याच माणसाच्या टेबलावर खोकाभर नव्या रेकॉर्डी दिसल्या. पिवळं लेबल, त्यावर ठसठशीत इंग्रजी अक्षरांत 'विमल पोंक्षे'. खरं नाव त्याला तरी कुठे ठाऊक होतं! नकली निघाली की असल्या गाण्याची सगळी मजा संपते. घैसासांपुढे मी सगळं ओकून टाकलं, अगदी इंग्रजीच्या स्तुतीसकट.

त्यांनी एक रेकॉर्ड उचलली. मी त्यांच्या गुडघ्याकडे बघत उभा राहिलो. त्यांनी ती तिरकी धरली नाही, नंबरही पाहिला नाही. नुसतं लेबल वाचत राहिले.

"छापलंय," ते म्हणाले. "शुद्ध छापलंय रे."

मग पूर्ण खोका घेतला, घासाघीस न करता. गाडीत बसल्यावर मला म्हणाले, "जाड पुठ्ठा आहे का तुझ्याकडे? एक सांगलीला पाठवायचीय. मोडायला नको वाटेत."

"तिकडे रेकॉर्ड प्लेअर आहे का?"

"नाही. पण वाचता येतं तिला."

घरी येऊन मी दार लावून घेतलं आणि बायकोला हळूच सांगितलं, "घैसासांचं सांगलीत एक प्रकरण आहे. पोंक्षे नावाची बाई."

सुनंदानं कणीक मळायची थांबवली. "मीनाक्षीवहिनींचं माहेर कुठलं?"

"असेल कुठलं तरी. माझा काय संबंध?"

"सांगली. आणि माहेरचं नाव विमल पोंक्षे. लग्नात तांदळात अंगठीनं 'मीनाक्षी' लिहिलं ते घैसासांनी. जाताना एअरपोर्टवर माझ्यापाशी रडल्या. म्हणाल्या, 'इथे मला विमल म्हणणारं कोणीच नाही गं.' मी ते तेव्हाच घैसासांना सांगितलं होतं."

कॅसेट दिली नसती तर ते नाव छापलं गेलं नसतं, असं काहीतरी म्हणावंसं वाटत होतं. पण सुनंदा माझ्याकडे अशी बघत होती, की मी पुठ्ठा शोधायला उठलो.

"अहो आत्याबाई," ती मागून म्हणाली, "पेढे खाऊन आलात, पाठीत बुक्के खाऊन आलात, आणि नाव कोणाचं ठेवलं ते विचारायची अक्कल नाही झाली!"