जावयाचं यंत्र आणि माझं कोबीचं पिंप

माझा जावई ओग्न्येन दुसऱ्याच्या घरातल्या वस्तूंना विचारल्याशिवाय हात लावतो. अकरा वर्षं मी हे बघतेय आणि अकरा वर्षं बोलतेय. पण यंदा त्यानं माझ्या कोबीच्या पिंपाला हात लावला, तेव्हा हद्द झाली.

मी राडोयका. शाळा चार इयत्ता. पण कोबी आंबवावा तर मीच, हे आमच्या अख्ख्या उझित्से गावाला ठाऊक आहे. नोव्हेंबरात साठ लिटरच्या पिंपात अख्खे गड्डे मिठाच्या पाण्यात बुडवायचे, पिंप बाल्कनीत थंडीत ठेवायचं आणि जानेवारीत आमच्या घरच्या संताच्या सणाला त्या पानांत खिमा-भात गुंडाळून सारमा करायची. पंचवीस माणसं जेवतात. विहीणबाईसुद्धा. ओग्न्येनची आई ल्युबिंका. तिचा कोबी ओल्या पुठ्ठ्यासारखा लागतो, हे मी तिला तोंडावर सांगितलंय.

यंदा घरमालक झिवोयिन यांनी माझी खोली उबवायची, लाकडं जाळायची शेगडी बंद करवली. धूर होतो म्हणे. गावभर धूर, यांना माझा तेवढा दिसला. वर बजावलं, "भिंतीत एक खिळासुद्धा चालणार नाही."

जावईबापू धावले मदतीला. भाड्याच्या घरात चालेल असं यंत्र आणलं. बाहेरच्या थंड हवेतली ऊब ओढून आत सोडतं, धूर नाही, वीजही थोडकी. एक खोका आत, एक बाल्कनीत, नळी बाल्कनीच्या दाराच्या फटीतून. उरलेल्या सगळ्या फटींना रबरी पट्ट्या, मुख्य दारालासुद्धा.

"आणि माझं पिंप?"

"आत कोपऱ्यात ठेवलंय, आई. बाहेरच्या खोक्याला मोकळी जागा लागते. अठरा अंशांवर चालू ठेवा, कोबीला काही होत नाही. रिमोटला मात्र हात लावू नका."

हात लावू नका, हे मला माझ्या नवऱ्यानंसुद्धा कधी म्हटलं नव्हतं. तो गेला, दार बंद झालं, तसा मी आकडा तीसवर नेला. गुडघे असे सुखावले, जणू कुणाच्या लग्नाला निघालेत.

चौथ्या दिवशी पिंपात बुडबुडे. सहाव्या दिवशी असा वास, की भिंतीवरच्या संतानं तोंड फिरवावं.

"अगं आई, खिडक्या उघड ना," मुलगी वेरित्सा फोनवर.

"एक किलकिली केलीय."

"समोरचीही उघड."

"मारतेस का मला? आरपार वारा लागून तुझा काका जन्मभर वाकडी मान घेऊन फिरला."

तेवढ्यात झिवोयिन भिंतीत भोकं शोधायला आले. दार ठोठावलं. मी आतून ओढतेय, पण पट्ट्यांनी दार असं घट्ट बसलेलं की हलेना.

"बाई, आत काय सडलंय?"

"कोबी. दार ढकला."

"कोबीचा एवढा वास? गॅस गळतोय तुमच्याकडे!"

आणि बोलावला की त्यांनी बंब. तिघे आले कुऱ्हाडी घेऊन आणि दार चौकटीसकट काढलं. ज्या माणसाला एक खिळा चालत नव्हता, तो त्या भगदाडाकडे बघत उभा राहिला. मला फार बरं वाटलं.

त्यांच्यातल्या थोरल्यानं पिंपात डोकावलं आणि टोपी काढली. "आजी, चांगला कोबी होता हो."

"सगळ्या खिडक्या उघडा आधी," झिवोयिन नाक दाबून म्हणाले.

"एकच," तिघे एकदम म्हणाले. "आरपार वारा लागेल." आणि एकानं तुटलेलं दार उचलून, पाठ टेकून, भगदाडात धरून ठेवलं.

सण दोन दिवसांवर. जानेवारीत भरलेलं पिंप कुणाकडे मिळणार? एकाच घरी. ओग्न्येन आपल्या आईकडे जाऊन घेऊन आला. खाली मान घालून आणलं, एवढं म्हणते.

पाहुण्यांनी पातेलं चाटून पुसून ठेवलं. विहीणबाई नुसत्या माझ्या ताटाकडे बघत राहिल्या. मी तेव्हा चौथी सारमा घेत होते.

जेवणं झाल्यावर ओग्न्येन सगळ्यांसमोर म्हणाला, "आई, चुकलं माझं. उद्याच यंत्र काढून नेतो."

खोली उबदार होती. गुडघे गप्प होते. रिमोट माझ्या एप्रनच्या खिशात होता, आकडा तीसच.

"पिंपाचा जीव तुम्हीच घेतलात, जावईबापू, हे मी मरेपर्यंत म्हणणार," मी म्हटलं. "पण त्या यंत्राला हात लावलात, तर परत या घरात पाऊल ठेवू नका."