अस्वलबंधूंचं बॉक्सिंग

एका जंगलात, कुठल्या ते विचारू नका, विचारणाऱ्याला मी गोष्ट सांगत नाही, दोन अस्वलं राहत होती. सख्खे भाऊ. थोरला रावजी, धाकटा सोन्याबापू. दोघं बॉक्सिंग करायचे.

हसू नका. अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं की पुढचे दोन हात मोकळेच असतात. मोकळ्या हातांचं काय होतं, ते तुम्हाला तुमच्या वर्गात रोज दिसतं.

तर मुलांनो, अस्वलीण आपल्या पिल्लांना पाठीवर घेऊन हिंडते. तिच्या मानेजवळची जागा सगळ्यात उबेची. त्या जागेसाठी हे दोघं दूध पीत होते तेव्हापासून भांडायचे. रावजी सरळ ठोसा मारायचा. सोन्याबापू लहान, तो काय मारणार? तो खाली वाकायचा आणि दादाच्या काखेखालून पुढे सरकायचा. आई चालत राहायची. पाठीवर काय चाललंय त्याची दखल घेतली असती, तर तिच्याने एवढं चालणं झालंच नसतं.

मोठेपणीही तेच राहिलं. रावजी पाय रोवून पुढे यायचा आणि उजव्या हाताचा असा ठोसा फिरवायचा की वाऱ्याने सोन्याबापूची आयाळ उडायची. सोन्याबापू मात्र तिथे नसायचाच. तो मागे, बाजूला, खाली, कुठेतरी असायचा, आणि दादा दमला की त्याच्या बरगडीला हलकेच एक टिचकी मारायचा. मग दोघं हसायचे आणि मोहाखाली पडलेली फुलं खायला बसायचे. बघायला कुणी आलं तर आलं. नाही आलं तर फुलं जास्त उरायची.

असं सगळं बरं चाललं होतं. म्हणूनच कुणालातरी ते बघवलं नाही.

त्या जंगलात बगळेसर नावाचे एक विद्वान आले. बगळाच होते. परदेशातल्या कुठल्याशा तळ्यावर एक हंगाम काढून आले होते आणि तेव्हापासून साधं बोलायचं विसरले होते. त्यांनी जन्मात कुणाला ठोसा मारला नव्हता आणि कुणाचा खाल्ला नव्हता. त्यामुळे त्यांचा बॉक्सिंगचा अभ्यास अगदी निर्मळ होता.

त्यांनी एक सकाळभर एका पायावर उभं राहून दोघा भावांना पाहिलं आणि जाहीर केलं की या दोघांना शैली आहे. थोरल्याची आक्रमक, धाकट्याची बचावात्मक.

जंगल हादरलं. इतकी वर्षं आपल्या शेजारी शैली राहत होती आणि आपल्याला पत्ताही नव्हता! बिचाऱ्या सोन्याबापूने घाबरून दादाला विचारलं, हे औषधाने बरं होतं का. रावजी म्हणाला, दुखत नाही तोवर राहू दे.

पण जंगलाला आता ते दुखायला लागलं. गवे म्हणाले, आम्ही रावजीदादांचे. ससे म्हणाले, आम्ही सोन्याबापूंचे. आठवड्याभरात झाडाझाडाला फलक लागले. एकावर रावजीचा गॉगल घातलेला फोटो आणि खाली, 'दादांचा ठोसा, आमचा भरोसा'. दुसऱ्यावर सोन्याबापू हात जोडून उभा आणि खाली, 'जो चुकवेल, तोच टिकवेल'. दोन्ही फलकांवर खालच्या बाजूला शुभेच्छुक म्हणून लांडग्यांची तीच तोंडं होती. साळिंदराला आजवर ना ठोशाची गरज पडली होती ना चुकवण्याची, पण त्यालाही लोक अडवून विचारायला लागले, तू कुणाचा.

आणि मग बगळेसरांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. बगळेसर तेवढे उभे राहिले. दोन शैली या जंगलाला परवडणाऱ्या नाहीत, असं समितीचं मत पडलं. भावाभावांचा एक सामना व्हावा. जिंकेल त्याची शैली सगळ्या जंगलाची. हरेल त्याने नदीपलीकडच्या माळावर निघून जावं आणि पुन्हा इकडे फिरकू नये.

हे ऐकलं आणि सोन्याबापू हातातली फुलं तिथेच टाकून निघून गेला.

मुलांनो, जरा नीट ऐका. सोन्याबापूला सामन्याची भीती नव्हती. दादाचा ठोसा आपल्याला लागत नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण दादाचा दम अलीकडे लवकर तुटायचा. गुडघे दुखायचे. आता सामना झाला तर दादा ठोसे मारून मारून थकणार, आपोआप खाली बसणार आणि हरणार. मग त्या माळावर, जिथे वारूळ नाही की मोहाचं झाड नाही, म्हातारपणी एकटा दादा काय खाणार? त्याच्या पाठीला काटा रुतला तर कोण काढणार?

सोन्याबापू दिवसभर वारुळात तोंड खुपसून बसला. वाळवी खायचंही त्याला सुचलं नाही. शेवटी त्याने मनाशी ठरवलं. उद्या चुकवायचं नाही. उभं राहायचं. एक ठोसा खायचा आणि पडायचं.

दुसऱ्या दिवशी सगळं जंगल मोहाखाली जमलं. टिटवीने आरोळी दिली. सोन्याबापू पुढे आला, हात खाली सोडले, हनुवटी वर केली आणि डोळे मिटून उभा राहिला.

ठोसा काही येईना.

त्याने एक डोळा उघडला. रावजी मागे सरकत होता. जन्मात कधी मागे न सरलेला दादा, दुखरे गुडघे वाकवून, एकेक पाऊल मागे टाकत होता. त्याचेही हात खालीच होते.

सोन्याबापू दोन पावलं पुढे गेला. रावजी दोन पावलं मागे गेला. असे ते मोहाला एक फेरी घालून आले.

"मार ना, दादा," सोन्याबापू दबक्या आवाजात म्हणाला.

"तूच मार. बरगडीला मार, मी लगेच पडतो," रावजी म्हणाला. "माझं काय, माझं आयुष्य झालं. तू त्या माळावर कसा राहशील? तुला एकट्याला झोप तरी येते का?"

सोन्याबापूला रडूच फुटलं. सगळ्या जंगलासमोर तो दादाच्या गळ्यात पडला. दादानेही त्याला धरलं आणि त्याच्या पाठीवर थोपटत राहिला.

आता तुम्ही म्हणाल, हे बघून जंगलाचे डोळे उघडले असतील. तुम्ही फार गोष्टी वाचता, त्याचा हा परिणाम.

गवे खवळले. आमचा दादा मागे सरतो म्हणजे काय? त्यांनी स्वतः लावलेले फलक स्वतःच शिंगांनी फाडले. ससे म्हणाले, आमचा बापू एका जागी उभा राहिला, त्याने आम्हाला फसवलं. गवे आणि ससे त्या दिवशी प्रथमच एकाच बाजूला होते.

बगळेसरांनी मान वाकडी करून विचार केला आणि निकाल दिला. थोरल्याने धाकट्याचं मागे सरणं चोरलं. धाकट्याने थोरल्याचं पाय रोवणं चोरलं. हे उघड उघड शैलीचौर्य आहे. शिवाय शेवटची मिठी कुठल्याच नियमात बसत नाही. सबब दोघेही अपात्र, दोघांनीही नदीपलीकडे जावं.

राहता राहिलं अजिंक्यपद. सगळ्या सामन्यात पुढेही न गेलेला आणि मागेही न आलेला असा एकच प्राणी मैदानात होता. तो एका पायावर उभा होता. समितीने एकमताने त्याच्या गळ्यात हार घातला. जंगल टाळ्या वाजवायलाच आलं होतं, ते वाजवून गेलं.

हल्ली त्या जंगलात रोज सकाळी बॉक्सिंगचे वर्ग भरतात. गवे, ससे, लांडगे सगळे रांगेत एका पायावर उभे राहतात. कुणी कुणाला मारत नाही, कुणी चुकवत नाही, आणि परीक्षेत सगळे पहिल्या वर्गात पास होतात. साळिंदर तेवढं दोनदा कलंडलं. शेजारचे अजून काटे काढताहेत.

नदीपलीकडच्या माळावर मोह नाही, हे खरं. दोघं भाऊ दूरवर हिंडून बोरं, कंदमुळं काहीतरी शोधतात. सकाळी दादा ठोसा मारतो, धाकटा चुकवतो, दादाला दम लागला की धाकटा त्याला टेकायला पाठ देतो. बघायला कुणी येत नाही.

तात्पर्य : भावाने भावाला नेहमी खरा ठोसा मारावा. माया केली तर समितीची फार गैरसोय होते.