बर्मा आण्णांच्या शाळेचा दाखला

"जी पोरगी शाळंत कवा गेलीच न्हाई, तिनं शाळा सोडायची कशी, एवढं मला सांगा. मग मी गप बसतो."

सांगलीच्या एका नावाजलेल्या कॉलेजच्या कचेरीत, हेडक्लार्कच्या टेबलावर दोन्ही हात टेकून, बर्मा आण्णा हे विचारत होते. 'विचारत होते' हा आपला माझा सभ्यपणा. आण्णांचा आवाज असा, की डोक्यावरचा पंखा दचकून उलटा फिरायला लागला, शेजारच्या खोलीत टाइप करणाऱ्या बाईंच्या हातून कागदावर एक चांगला चालता-बोलता प्राध्यापक कैलासवासी झाला, आणि तिकडे कृष्णेच्या घाटावरच्या बायका कोयनेचं पाणी सोडलं समजून अर्धं धुणं तसंच घेऊन वर पळाल्या.

हेडक्लार्क मात्र मुरलेला होता. त्याने पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं.

"नियम आहे. शाळा सोडल्याचा दाखला नसेल तर प्रवेश नाही."

"मार्क बघितलं का न्हाई?"

"बघितले. इथं अर्ज केलेल्यांत दोघं-तिघं सोडले तर हिच्या वर कुणी नाही. पण हिनं शाळा सोडलेली नाही."

"धरलीच न्हाई तर सोडंल कशी?"

गाडी पुन्हा मूळ स्टेशनावर. हीच चर्चा आधल्या आठवड्यात साताऱ्याच्या एका कॉलेजात झाली होती आणि तिथून आम्ही रिकाम्या हाताने परतलो होतो. आम्ही म्हणजे आण्णा, त्यांची मुलगी सुमती आणि मी. मी आण्णांचा शेजारी, कडेगावजवळच्या आमच्या खेड्यात हायस्कूलचा ड्रॉइंग मास्तर. हायस्कुलात ड्रॉइंग मास्तरला शिपायानंतर मान असतो. पण आण्णा मला सगळीकडे 'हे शिक्षण खात्याचं मानूस' म्हणून पुढं करत आणि लगेच मागं ढकलून स्वतः बोलत.

आता बर्मा आण्णा म्हणजे काय चीज, ते सांगायला हवं.

आमच्या भागात घरटी एक माणूस पलटणीत. आण्णाही गेले. लढाईत ब्रह्मदेशात पोचले, लढाई संपली, सगळे परत आले, आण्णा तिथंच राहिले. का राहिले याच्या त्यांच्याकडे निरनिराळ्या कथा होत्या आणि एकीत तर हत्तीण होती. खरं कारण म्हणजे एका लाकडाच्या गिरणीत त्यांना मेकॅनिकची नोकरी लागली आणि तिथल्याच एका बाईशी त्यांनी लग्न केलं. पुढं बाई वारल्या. मग तिथल्या सरकारने गिरण्या ताब्यात घेतल्या आणि आपल्याकडच्या लोकांना बोटीत बसवून दिलं. आण्णा एक पत्र्याची ट्रंक आणि दहा वर्षांची सुमती घेऊन गावात उतरले. कागद म्हणून चिठोरं नाही. सुमतीला बर्मी फाडफाड येत होतं, आणि मराठी म्हणाल तर बापाकडून शिकलेले फक्त पलटणीतले हुकूम. आमच्या आईने तिला प्रेमाने जवळ घेऊन लाडू दिला, तर पोरगी ताठ उभी राहून म्हणाली, "थांब. पुढं हो. मागं फिर." आई लाडू घेऊन खरंच मागं फिरली.

तेव्हा गावच्या प्राथमिक शाळेत गुरुजींनी सांगितलं, कागद नाहीत, भाषा नाही, पहिलीत बसवा. आण्णा म्हणाले, "पॉइंट नंबर एक. माझी पोरगी पैलीत बसणार असंल, तर मी पाळण्यात झोपतो."

हे 'पॉइंट नंबर एक' त्यांचं पेटंट. उभ्या आयुष्यात त्यांचा पॉइंट नंबर दोन कुणी ऐकलेला नाही.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी घराच्या सोप्यात स्वतःची शाळा काढली. पटावर विद्यार्थी एक. मास्तर, हेडमास्तर, शिपाई, सगळे आण्णा. शिपाई असताना बोडकं डोकं, मास्तर असताना काळी टोपी, हेडमास्तर असताना वरून पलटणीतला कोट. सकाळी सातला शिपाई ट्रकच्या जुन्या रिमवर पाना हाणायचा, की आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं जपानी आले म्हणून घोंगडीत शिरायची. मग मास्तर हजेरी घ्यायचे. मध्येच कोट चढवून हेडमास्तर यायचे आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून मास्तरांना झापायचे, "उशीर झाला आज. पुन्यांदा चालायचं न्हाई." एकदा या दोघांचं इतकं वाजलं, की मास्तरांनी राजीनामा दिला आणि शाळा दोन दिवस बंद राहिली. शेवटी मी आणि तलाठी मध्ये पडलो.

वार्षिक परीक्षेत सुमतीचा पहिला नंबर ठरलेला. एका वर्षी मात्र भूमितीत तिने हलगर्जीपणा केला, म्हणून आण्णांनी तिला दुसरा नंबर दिला.

"मग पहिला कुणाला?" मी विचारलं.

"कुनाच्यात बी लायकी नव्हती," आण्णा म्हणाले.

इंग्रजी शिकवायला सुरवातीला त्यांच्याकडे एकच पुस्तक होतं, लष्करी ट्रकच्या दुरुस्तीचं. त्यामुळे सुमतीचं इंग्रजी एकदम पक्कं, पण वळण निराळं. गाईवरच्या तिच्या निबंधाचा भावार्थ मला अजून आठवतो. गाय ही चार पायांवर उभी असून तिची देखभाल रोज सकाळी करावी. चालताना आवाज येत असल्यास प्रथम मागील बाजू तपासावी. वापर नसेल तेव्हा सावलीत झाकून ठेवावी.

पुढं पुस्तकं आली, अवघड विषय आले. आण्णा पहाटे उठून धडा वाचायचे आणि सातला शिकवायचे. पण बीजगणित एका वळणावर आण्णांना सोडून सुमतीबरोबर पुढं निघून गेलं. आण्णा डगमगले नाहीत. त्यांनी फळ्याजवळ तिला उभं केलं, स्वतः खाली पोत्यावर बसले आणि म्हणाले, "तुला कळलंय का, ते मला बगायचंय. सांग समजावून." त्यानंतर मॅट्रिकपर्यंत रोज ते तिची अशी कडक परीक्षा घेत आणि मुंडी हलवत गुपचूप उतरवून घेत. बाहेरून परीक्षेला बसलेल्या सुमतीने कराडच्या केंद्रात असा पेपर लिहिला म्हणतात, की पर्यवेक्षक वाचत बसला आणि घंटा द्यायची विसरला.

तर अशी ही पोरगी कचेरीत उभी, आणि अडलं होतं कुठं, तर सोडलेल्या शाळेपाशी.

गलका ऐकून प्रिन्सिपॉल स्वतः बाहेर आले. शांत, बारीक माणूस. त्यांनी मार्कांचा कागद पाहिला, सुमतीकडे पाहिलं, आण्णांकडे बघायचं टाळलं.

"कुठल्याही शाळेचा दाखला आणा. शनिवारी दुपारपर्यंत. त्यानंतर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल."

"कुठल्याबी?" आण्णांनी विचारलं.

"शाळा असली म्हणजे झालं."

आण्णा एकदम थंड झाले. बाहेर येऊन म्हणाले, "मास्तर, पॉइंट नंबर एक. शाळा हाय की आपली."

मला वाटलं, झालं काम. घरी जाऊन एक कागद लिहायचा, सही ठोकायची. पण दुसऱ्या दिवशी गेलो तर हेडमास्तर कोट घालून बसलेले.

"दाखला?"

"पालकाचा अर्ज आलाय. पण कारण नीट लिवलेलं न्हाई. परत पाठवलाय."

"पालक तुम्हीच ना?"

"म्हणून काय झालं. वळखीनं कामं करायची काय, मास्तर?"

त्याच्या दुसऱ्या दिवशी हेडमास्तर रजेवर होते. तसं शिपायाने मला उंबऱ्यातूनच सांगितलं. शुक्रवारी सकाळी गेलो, तर लायब्ररीचं एक पुस्तक यायचं बाकी होतं आणि ते आल्याशिवाय दाखला देता येत नव्हता.

"कुठलं पुस्तक?"

"ट्रकचं."

आतून सुमतीचा आवाज आला, "ते तुमच्या उशाखाली आहे."

आण्णांनी कोट काढून खुंटीला लावला. बोडक्या डोक्याने बाहेर गेले आणि म्हशीला उगाच पाणी दाखवत बसले. म्हैस नको म्हणत होती.

मला राग आला होता. जिच्यासाठी साताऱ्याला आणि सांगलीला कचेऱ्या दणाणून सोडल्या, तिचीच वाट हा माणूस आपल्या कोटाखाली दाबून बसला होता. मी बोलणार, एवढ्यात सुमती पुढं आली. ट्रंक दोरीने बांधून ठेवलेली, अंगावर आमच्या आईने दिलेलं निळं लुगडं. ती म्हशीजवळ जाऊन ताठ उभी राहिली.

"साहेब, दाखला पाहिजे."

आण्णांनी बादली खाली ठेवली. आत गेले, टोपी घातली, काढली, कोट घातला.

अक्षर माझं बरं, म्हणून लिहायला मला बसवलं. शिक्का नव्हता, तो मी बटाट्यावर कोरला.

"वर्तणूक?" मी विचारलं.

"लिवा, बरी."

"बरी? आण्णा, पोरीला साधं उलट बोललेलं कुणी ऐकलं नाही."

"लय चांगली लिवली, तर तिथली लोकं कामं सांगत्यात."

"शाळा सोडण्याचं कारण?"

इथे आण्णांनी कोटाची वरची गुंडी लावली.

"लिवा. या शाळेतलं सगळं शिकून झालं."

शनिवारी प्रिन्सिपॉलसाहेबांनी तो कागद दोनदा वाचला.

"ही शाळा कुठं आहे?"

"आमच्या सोप्यात."

"शिक्षक कोण?"

"मी."

"आणि हेडमास्तर?"

"त्यो बी मीच. पण आमचं दोघांचं फारसं पटत न्हाई."

प्रिन्सिपॉलांनी चष्मा काढून पुसला. मग ते सुमतीकडे वळले आणि त्यांनी तिला विज्ञानातलं काहीतरी विचारलं. तिने उत्तर दिलं. त्यांनी आणखी अवघड विचारलं. तिने फळा कुठे आहे म्हणून विचारलं. थोड्या वेळाने मी पाहिलं तर प्रिन्सिपॉल खुर्चीच्या कडेवर आलेले, मुंडी हलवत होते, अगदी आण्णांसारखी. ही मुंडी मी ओळखत होतो. माणूस शिकतोय, पण कबूल करायला तयार नाही.

"लावा फाइलीला," त्यांनी हेडक्लार्कला सांगितलं.

हेडक्लार्कने कागद नाकाजवळ नेला. "साहेब, याला बटाट्याचा वास येतोय."

"उन्हात ठेवा जरा."

झालं. आमच्या गावातून त्या कॉलेजात शिरलेली ती पहिली मुलगी. हॉस्टेलवर ट्रंक पोचवायला आम्ही गेलो, आणि तिथं आण्णांनी रेक्टरबाईंना गाठलं. मुलींना सहाला उठवता, का पाचला? पाण्याची टाकी कवा धुतलेली? रात्री भाकरी ताजी, का सकाळची? पॉइंट नंबर एकच्या मागून पॉइंट नंबर एक सुटत होता. रेक्टरबाई मागं मागं सरकत तुळशीपाशी पोचल्या होत्या.

मी आणि सुमती व्हरांड्यात उभे होतो. मला राहवलं नाही.

"सुमे, एक विचारू? तू बारा-तेराची असताना आमच्या हायस्कूलचे हेडमास्तर तुमच्या घरी आले होते. कागद नसले तरी चालतील, परीक्षा घेऊन सातवीत बसवतो म्हणत होते. तेव्हाच आण्णांनी हट्ट सोडला असता, तर हा सगळा तमाशा झाला नसता."

"आण्णा हो म्हणाले होते," सुमती म्हणाली. "नवीन पाटीसुद्धा आणली होती त्यांनी. मी नाही म्हणाले."

"तू? का गं?"

"मी शाळेत गेले असते, तर दिवसभर आण्णांनी काय केलं असतं?"

ती हे अशा आवाजात म्हणाली, जसं कुणी विचारावं आणि कुणी सांगावं, की एसटी पावणेपाचला आहे. तिकडं आण्णा वाकून टाकीचं झाकण उघडायला निघाले होते. कोट काढून त्यांनी रेक्टरबाईंच्या हातात दिला होता.

"मग आता गं?" मी विचारलं. "आता काय करतील ते दिवसभर?"

सुमतीने ट्रंकेची दोरी सोडली, तिची नीट गुंडाळी केली आणि ती माझ्या हातात ठेवली.

"तुमचं इंग्रजी फार कच्चं आहे, असं मी त्यांना सांगून ठेवलंय," ती म्हणाली. "सोमवारपासून सातला जात जा."